नवी बाईक गरम झाली की बंद पडते, डीलर म्हणतो ‘सेट होईल’

गाडी नवी आहे, पहिली सर्व्हिस झाली. अर्धा तास चालवली की इंजिन अचानक बंद. दहा मिनिटं थांबलं की एका सेल्फला चालू. सर्व्हिस सेंटरमध्ये सगळं ओके दाखवतात. काय करावं?

प्रतिसाद १:
थंड इंजिनवर हा फॉल्ट सापडणारच नाही. मेकॅनिकला मागे बसवा आणि बंद पडेपर्यंत फिरवा. बंद पडताच दोन गोष्टी बघा. टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज येऊन गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. तसं नसेल तर प्लगला स्पार्क येतो का ते पाहा. स्पार्क गायब असेल तर पहिला संशय क्रँक पोझिशन सेन्सरवर (इंजिन फिरताना कुठे आहे ते सांगणारा, त्यावरून स्पार्कची वेळ ठरते). आतली बारीक तार तापली की जोड सुटतो, थंड झाल्यावर परत जुळतो. सेन्सरचा रेझिस्टन्स गरम असतानाच मोजायला लावा.

प्रतिसाद २:
जॉब कार्डवर (गाडी सर्व्हिसला देताना तक्रार लिहितात तो कागद) ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘गरम झाल्यावर इंजिन बंद पडते’ असंच लिहून घ्या, किलोमीटर आणि तारखेसकट, आणि प्रत मागा. फॉल्ट तसाच असेल तर ‘काम समाधानकारक’वर सही नको. एकच तक्रार तीन जॉब कार्डांवर दिसली की डीलरला टोलवाटोलवी जड जाते. मग चासी नंबर टाकून थेट कंपनीला ईमेल.

प्रतिसाद ३:
बाहेरून अलार्म किंवा जादा लाइट जोडलेत का? वायरिंग कापलेलं दिसलं की वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं.