जैसलमेरला चार दिवस: काय पाहावं, काय सोडावं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्याला राहते. डिसेंबरअखेर आम्ही जैसलमेरला निघालोय: मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई. बोरिवलीहून सूर्यनगरीने जोधपूर, तिथून गाडीने पुढे, एवढं ठरलंय. तिथे हातात पुरे चार दिवस आहेत. सहलवाल्याने पाठवलेल्या यादीत सतरा ठिकाणं आहेत. सासूबाईंनी ती यादी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "बघून होईल गं सगळं, पण घरी आल्यावर त्यातलं आठवेल किती?" तेव्हापासून ती यादी फ्रिजवर तशीच लावलेली आहे.

म्हणून विचारते. कुठे पुन्हा जावंसं वाटतं आणि काय वगळलं असतं तरी चाललं असतं, ते तुमच्या अनुभवातून सांगा. हातचं न राखता लिहा.

ऐरोलीहून

आधी चुकलेलं सांगतो. आम्ही एका दिवसात नऊ ठिकाणं केली. ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी "बीस मिनिट" म्हणायचा आणि आम्ही ऐकायचो. संध्याकाळी समच्या वाळूत पोहोचलो तेव्हा बायको गाडीतच झोपली होती. सम शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि सगळी पॅकेजं तिथेच नेतात. सुट्ट्यांच्या दिवसांत टेकडीवर माणसं, उंट आणि जीप यांची एवढी दाटी असते की मोकळी वाळू दिसत नाही. आमच्या तंबूशेजारी मध्यरात्रीपर्यंत डीजे चालू होता. मी तक्रार केली तर उत्तर आलं, सगळ्यांना हेच हवं असतं. मुलीला वाळवंटातली शांतता दाखवायची म्हणून मी एवढ्या लांब गेलो होतो. त्या रात्री तिला तंबूत कानावर उशी दाबून झोपलेलं पाहून फार वाईट वाटलं.

बडा बाग, लोद्रवा, अमरसागर ही तिन्ही ठिकाणं एकाच दुपारी उरकली. आज फोटो पाहूनही कुठलं कोणतं ते ओळखता येत नाही. त्यांतलं एकच निवडून तिथे दोन तास बसायला हवं होतं.

पाचपाखाडी, निवृत्त शिक्षिका

मी दोनदा गेले. पहिल्यांदा सहलीबरोबर, दुसऱ्यांदा बहिणीबरोबर, आमच्या मनाने.

गडीसर तलावावर सकाळी सातच्या आत जा. आधी थंडीने बोटं आखडतात, मग ऊन वर येतं आणि पाण्यातल्या छत्र्यांचा, म्हणजे घुमटाच्या मंडपांचा, दगड मधासारखा दिसायला लागतो. मूळ तळं रावळ जैसलच्या काळचं, पुढे चौदाव्या शतकात गडसीसिंहाने ते नव्याने बांधलं, त्यावरून हे नाव. शतकानुशतकं अख्खं गाव हेच पाणी प्यायलं. तळ्यावर जाताना लागणारी कमान टिलोंची पोळ. टिलों नावाच्या गणिकेने ती बांधली, दरबाराने आडकाठी केली, तेव्हा तिने वर कृष्णाचं देऊळ बसवलं म्हणजे कोणी पाडायला धजणार नाही, असं तिथे सांगतात. बहीण त्या कमानीखालून तीन वेळा गेली आणि आली.

हवेल्यांपैकी पटव्यांची हवेली सगळेच दाखवतात, आणि ती बघावीच. पटवे म्हणजे जरी-कलाबतूवाले. गुमानचंद पटव्याने 1805 च्या सुमारास काम सुरू केलं आणि मुलांसाठी एकाला एक लागून पाच हवेल्या झाल्या. पण माझा जीव नथमलच्या हवेलीत अडकला. हाथी आणि लालू या दोन भावांनी दर्शनी भाग अर्धा अर्धा वाटून घेऊन कोरला. लांबून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. रस्त्यापलीकडच्या ओट्यावर बसून एकेक खिडकी जुळवायला लागलात की लक्षात येतं, एकाची फुलं दुसऱ्याच्या फुलांसारखी नाहीत. अर्धा तास आम्ही दोघी फक्त फरक शोधत होतो. दहा वर्षांच्या मुलाला हे काम द्या, तो जागचा हलणार नाही.

किल्ल्यासाठी सासूबाईंना रिक्षा करा, दशहरा चौकापर्यंत वर जाते. आतली जैन मंदिरं सकाळच्या वेळात उघडी असतात, म्हणून तो सकाळचाच कार्यक्रम ठेवा. चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवर ठेवून निघा.

नौपाडा (धागाकर्ती)

ताई, किल्ल्याच्या आतल्या हॉटेलात राहावं का? फोटो फार सुंदर आहेत.

सीबीडी बेलापूर, पाणीपुरवठ्यात नोकरी झाली

वहिनी, मी विनंतीच करीन, खाली राहा. किल्ला बघायला चार वेळा वर जा, पण मुक्काम खाली. हा किल्ला 1156 सालचा आणि आजही आत वस्ती असलेला. 2013 मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. ज्या टेकडीवर तो उभा आहे तिचा थर मऊ आहे, पाणी मुरलं की बसतो. घागरीने पाणी वर जायचं तोवर चिंता नव्हती. नळ आले, मग हॉटेलं आली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं, आणि ते पाणी झिरपून बुरुज ढासळल्याच्या घटना झाल्या. माझी सारी नोकरी गळक्या पाइपांत गेली. तिथल्या एका भिंतीच्या पायथ्याशी ओल धरलेला पट्टा दिसला, हात लावला तर दगडाचा भुगा बोटांना लागला. घरात आजारी माणूस असल्यासारखं वाटलं.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. कुलधऱ्याला सगळे भुतांसाठी जातात. शहरापासून अठराएक किलोमीटर, पालीवाल ब्राह्मणांचं गाव, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ओस पडलं. दिवाण सालमसिंहाची नजर गावच्या मुलीवर पडली आणि 84 गावं एका रात्रीत उठून गेली, ही कथा तुम्हाला गाइड सांगेलच. पाणी आटत गेलं आणि करांचा जाच असह्य झाला, असंही कारण अभ्यासक देतात. पण ही माणसं इथे इतकी वर्षं जगली कशी, हे कोणी विचारत नाही. जैसलमेरला वर्षाला जेमतेम 150 ते 200 मिलिमीटर पाऊस. आपल्या ठाण्यात जुलैच्या दोन दिवसांत कधी कधी तेवढा पडतो.

त्यांचं उत्तर म्हणजे खडीन. खडकाळ उताराच्या खालच्या अंगाला लांबलचक मातीचा बांध घालायचा. वरच्या उतारावरचं पावसाचं पाणी गाळ घेऊन बांधाशी येऊन थांबतं, जमिनीत जिरतं. थंडीपर्यंत पाणी सरतं आणि मागे ओल राहते, तिच्यावर गहू-हरभरा. विहीर नको, मोट नको. जास्तीचं पाणी जायला बांधाला सांडवा असतो. काही खडिनी आजही कसतात. कुलधऱ्याच्या पडक्या घरांत अर्धा तास पुरे, मग खाब्याच्या किल्ल्याकडे गाडी न्या आणि ड्रायव्हरला म्हणा, "खडीन दिखाओ". आमचा ड्रायव्हर आधी गोंधळला, कारण त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. मग खुलला. त्याच्या आजोळची खडीन होती. बांधावर उभं राहून तो पाऊण तास बोलत होता. माझ्या चारही दिवसांतला तो सगळ्यात मोलाचा वेळ.

सीवूड्स

मी पक्षी बघतो. आपल्या खाडीत फ्लेमिंगो उतरले की हापिसाआधी तिथे हजर असणाऱ्यांपैकी. जैसलमेरला गेलो ते माळढोकासाठी. आपल्या सोलापूरच्या नान्नजला लहानपणी वडिलांबरोबर गेलो होतो, तेव्हा दिसला नाही, आणि तिथे आता तो जवळजवळ संपलाच. जगात उरलेत दीडशेच्या आसपास, त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. डेझर्ट नॅशनल पार्कच्या सुदासरी भागात वनखात्याची परवानगी घेऊन पहाटे निघालो. तीन तास काहीच नाही. चिंकारा, एक कोल्हा, वर गिधाडं. मग गवतात एक उभी पांढरी मान. चार पावलं चालला, थांबला, पुन्हा चार पावलं. बस, एवढंच. डोळे भरून आले, दुर्बीण पुसावी लागली. ह्या जड पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेत दिसत नाहीत, तारांना धडकून मरतो. परतताना रस्त्याभर त्या तारा आणि पवनचक्क्या दिसत राहतात.

दिसेलच याची खात्री नाही. सासूबाईंना पहाटेची थंडी झेपणार नसेल तर वगळा. त्याऐवजी जोधपूरहून जाता-येता फलोदीजवळ खीचनला थांबा. हिवाळ्यात तिथे हजारो कुरजां, म्हणजे कांड्या करकोचे, येतात, गावकरी त्यांना दाणे घालतात. वाट थोडी वाकडी होते, पण सकाळी तो आवाज ऐकाच.

कळवा

मुलाला आकलला न्या. बाडमेर रस्त्यावर 17 किलोमीटर. 18 कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडली आहेत, साल आणि गाठीसुद्धा ओळखू येतात. आमच्या मागचा पारसिकचा काळा, लाव्ह्याचा डोंगर साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे तो लाव्हा येण्याच्या कितीतरी आधी, आज वाळवंट आहे तिथे जंगल होतं. माझी लेक एका बुंध्याशेजारी बसून राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे लाकूड थंडगार आहे." एक तास पुरतो.

खारघर

वडील फौजेत होते, त्यामुळे आमच्यासाठी तनोट आणि लोंगेवाला आधी, बाकी सगळं नंतर. तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात. 1965 च्या युद्धात आवारात पडलेले पण न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवलेत. लोंगेवाल्याला 4 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरींच्या तुकडीने, सव्वाशेच्या आतच माणसं, रणगाड्यांचा हल्ला पहाटेपर्यंत रोखून धरला, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. बाबा तिथे ठेवलेल्या रणगाड्यासमोर काही न बोलता उभे राहिले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

पण वहिनी, हा अडीचशे किलोमीटरच्या वरचा दिवस आहे. गुडघे दुखत असतील तर नको. शहराजवळ जोधपूर रस्त्यावर युद्ध संग्रहालय आहे, त्यात मुलाचं समाधान होईल.

घोडबंदर रोड

ऐरोलीच्या दादांचं समबद्दलचं म्हणणं पटतं, पण म्हणून वाळू वगळू नका. दक्षिणेला खुडीला जा, साधारण पन्नास किलोमीटर. आम्ही एका घरीच उतरलो. मातीच्या झोपड्या, बाजरीची भाकरी, केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो तिची भाजी पहिल्यांदाच खाल्ली.

जेवणानंतर घरमालकाने गावातल्या एका मांगणियार आजोबांना बोलावलं. माइक नाही, दिवे नाहीत. कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, मांडीवर, शेजारी नातू खडताल घेऊन. हे गाणारे मुसलमान, यजमान राजपूत, आणि पहिलं गाणं कृष्णाचं. कमायच्याच्या पोटावर चामडं ताणलेलं असतं, थंडीने सूर उतरायचा, मग आजोबा तो शेकोटीजवळ धरून पुन्हा लावायचे. तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगा दिसते, पौर्णिमेला वाळू.

नौपाडा (धागाकर्ती), जानेवारी

परत आलो. सतराची यादी सहावर आणली. किल्ला दोन सकाळी, गडीसर, नथमलची हवेली, आकल, खुडीची एक रात्र आणि खाब्याकडची खडीन. तनोट आणि सुदासरी सोडलं, त्याची हुरहूर आहे. सम सोडल्याची अजिबात नाही. मुलाने नथमलच्या हवेलीत चौदा फरक शोधले, वहीत चित्रं काढली आहेत.

बेलापूरच्या काका, हे तुमच्यासाठी. यंदा तिथे पाऊस बरा झाला होता. गाडीतून उतरल्यावर सासूबाईंनी माझा हात सोडला आणि काठी टेकत एकट्याच बांधावर चढल्या. त्यांचं माहेर माणचं, दुष्काळी. खाली हरभरा घाट्याला आला होता. वाकून त्यांनी चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली, आणि ड्रायव्हरला मराठीतच म्हणाल्या, "अरे, ही तर आमची ताल." ताल म्हणजे त्यांच्याकडचा शेताचा बांध. तो हिंदीत बोलत होता, त्या मराठीत. बांध किती उंच, गाळ कधी काढता, सांडवा कुठे. मी मध्ये पडले नाही. शेतवाल्याने मूठभर ओला हरभरा तोडून दिला, तो त्यांनी पदरात बांधून घेतला.