परदेशातल्या निवासी शिबिरात अगदी नवख्यांना योग शिकवायचा आहे, आखणी कशी करावी?

चटईवाली

पुढच्या महिन्यात परदेशातल्या एका निवासी शिबिरात शिकवायला जाते आहे. सात दिवस, १४ जण, वय २५ ते ६५. बहुतेकांनी आजवर एकही आसन केलेलं नाही. सकाळी ९० मिनिटं आणि संध्याकाळी ६० मिनिटं असे दोन वर्ग. मंडळी निरनिराळ्या देशांतून लांबचा विमानप्रवास करून येणार. इंग्रजी सगळ्यांना कळतं, पण ती कुणाचीच मातृभाषा नाही.

आठवड्याच्या वर्गात शिकवणं आणि सलग सात दिवस दोन वेळा शिकवणं यात फरक पडणारच. रोज नवा क्रम द्यायचा की तोच घोटायचा? सूर्यनमस्कार कधी आणायचे? आणि तिथे साहित्य किती मिळेल याची खात्री नाही, तर काय न्यावं?

---

मेरुदंड

तोच घोटायचा. रोज नवं दिलं नाही तर लोक कंटाळतील ही भीती शिकवणाऱ्याची असते. नवख्या माणसाला पहिले तीन दिवस डावा-उजवा सांभाळता सांभाळता पुरे होतं. ताडासन चौथ्यांदा करताना त्याला प्रथमच कळतं की आपला भार टाचांवर नुसता रेलला होता. रोज नवीन दिलंत तर ही चौथी वेळ येतच नाही.

दहा-बारा आसनांचा एकच कणा ठरवा आणि रोज त्यात एखाददुसऱ्याची भर घाला. माझ्या मते हा कणा पुरतो: ताडासन, ऊर्ध्वहस्तासन, भिंतीला हात टेकून अर्धं पुढे वाकणं, वृक्षासन, वीरभद्रासन २, त्रिकोणासन, मार्जरासन, बालासन, भुजंगासन, सेतुबंधासन, पाठीवर झोपून पीळ, शवासन. सकाळचे ९० असे वाटा: बसून श्वास १०, सांधे मोकळे करणं १०, आसनं ४५, प्राणायाम १०, शवासन आणि उठून बसणं मिळून १५. वेळ कमी पडला तर आसनं कापा, शवासन कापू नका. सगळे नेमकं उलट करतात.

पोहोचल्याच्या दिवशी एकच वर्ग, संध्याकाळी, ४५ मिनिटांचा आणि सगळा जमिनीवर. उभी आसनं नकोत, कारण तासन् तास बसून पाय सुजलेले असतात आणि झोप उडालेली असते. पवनमुक्तासन, पट्टा घेऊन सुप्त पादांगुष्ठासन (पाठीवर झोपून एकेक पाय वर ताणणं), भिंतीला पाय लावून विपरीत करणी ५ ते ८ मिनिटं, एवढं खूप झालं. कुणी घोरायला लागलं तर घोरू द्या.

पूर्वेकडे प्रवास करून आलेल्यांना पहाटे उठणं जास्त जड जातं, तेव्हा पहिले दोन दिवस साडेसातच्या आधी वर्ग लावू नका. नाश्ता वर्गानंतरच. आधी कुणाला अगदी भूक लागली तर एखादं फळ, आणि मग किमान तासभर थांबायचं. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास सोडायचे, म्हणजे संध्याकाळचा वर्ग दुपारच्या जेवणाच्या वेळेवरून ठरवावा लागतो. स्वयंपाकघराशी ही गोष्ट आधीच बोलून घ्या, नाहीतर सगळं वेळापत्रक तिथेच ढासळतं.

आणि तिसरा दिवस. स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. त्या दिवशी संध्याकाळी आसनं जवळजवळ नकोतच. अर्धा तास श्वास, अर्धा तास आडवं पडून विश्रांती. चौथ्या दिवशी माणसं परत ताजी होऊन येतात.

---

नाडीवाचक

आखणीआधी आरोग्याचा अर्ज. तो पोहोचल्यावर नको, दोन आठवडे आधी भरून घ्या म्हणजे त्यानुसार बदल करता येतात. 'काही आजार आहे का?' असं विचारलं तर लोक 'नाही' लिहितात. गोळी रोज घेतात म्हणून रक्तदाब त्यांना आजार वाटतच नाही. नावं घेऊन विचारा: रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा नेत्रपटलाचा त्रास, मणक्याची गादी सरकणं, हाडं ठिसूळ होणं, खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया, हर्निया, अपस्मार, गरोदरपण, गेल्या सहा महिन्यांतली कुठलीही शस्त्रक्रिया, रोजची औषधं.

उत्तरावरून काय बदलायचं ते थोडक्यात. काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काहीच नाही. अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीवर, कंबर वर, डोकं खाली) साधं वाटतं, पण त्यातही डोळ्यातला दाब वाढतो. त्याऐवजी भिंतीला हात लावून पाठ जमिनीला समांतर. रक्तदाबाची औषधं घेणाऱ्याला वाकलेल्या स्थितीतून झटकन उभं करू नका, भोवळ येते. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं आणि जोरकस पीळ दोन्ही टाळा, मणक्याला चीर जाण्याचा धोका असतो. खुबा बदललेल्या माणसाला मांडी घालून बसवू नका, खुर्ची द्या. कुठल्या हालचाली वर्ज्य आहेत हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर ठरतं, ते त्याच्या डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगा. गरोदर बाईला पालथं झोपवायचं नाही, पोट दाबणारा पीळ नाही, कपालभाती नाही, श्वास रोखणं नाही, आणि शवासन डाव्या कुशीवर.

लांबच्या विमानप्रवासानंतरची एक गोष्ट योगशिक्षकांना सहसा कुणी शिकवत नाही. एकाच पोटरीत दुखतंय, ती पोटरी सुजली आहे, हाताला गरम लागते असं कुणी म्हणालं तर ती आखडली आहे असं समजून ताणायची किंवा चोळायची नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर ताबडतोब रुग्णवाहिका.

शिबिराची जागा २५०० मीटरच्या वर असेल तर पहिले दोन-तीन दिवस कपालभाती, भस्त्रिका (जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) आणि कुंभक (श्वास रोखणं) बंद. डोकेदुखी आणि मळमळ आसनामुळे की उंचीमुळे, हे मग ओळखता येत नाही.

---

चटईवाली

मेरुदंड, नाडीवाचक, दोघांचेही आभार. अर्जाचं आजच करते. मनगटांचं काय करावं? नवखे लोक चवड्या-हातांवर आले की दुसऱ्या मिनिटाला मनगट धरून बसतात. आणि साहित्याचं अजून कुणी बोललं नाही.

---

अर्धचंद्र

मनगट दुखतं कारण सगळा भार तळहाताच्या टाचेवर, त्यातही करंगळीच्या बाजूला पडतो. बोटं पसरायची, मधलं बोट सरळ पुढे, आणि अंगठा व तर्जनीच्या मुळाशी जमीन दाबायची. एवढ्याने निम्म्यांचं थांबतं. उरलेल्यांसाठी चटईची पुढची कड दोन-तीन घड्या घालून तळहाताच्या टाचेखाली द्या, म्हणजे मनगटातला कोन कमी होतो. तरीही दुखलं तर मुठींवर किंवा कोपरांवर. मार्जरासनात मनगट खांद्याच्या बरोबर खाली आहे का, हेही बघा; हात फार मागे, गुडघ्यांच्या जवळ आले की मनगट जास्त मुडपतं.

अधोमुख श्वानासनात टाचा टेकवण्याचा नाद पहिल्याच दिवशी सोडवा. मांडीच्या मागचे स्नायू आखूड असले आणि गुडघे सरळ ठेवायचा हट्ट धरला की पाठीला पोक येतो आणि भार हातांवर ढकलला जातो. गुडघे वाकवा, बसायची हाडं वर, पाठ लांब.

साहित्य: ठोकळे, पट्टे आणि घोंगड्या यांचा वापर बी. के. एस. अय्यंगारांनी रूढ केला आणि नवख्यांच्या वर्गात त्याला तोड नाही, पण १४ जणांचं सामान विमानातून नेणं शक्य नाही. पट्टे न्या, त्यांना वजन नसतं. साधारण दोन मीटरचे, कडी असलेले. बाकी जागेवर जमवा. ठोकळ्याऐवजी जाड पुस्तकं दोरीने घट्ट बांधून. घोंगडीऐवजी अंघोळीचे मोठे टॉवेल. दोन टॉवेल चौघडी करून एकावर एक ठेवले की सुखासनात बसायला चांगली उंची मिळते. नितंबांपेक्षा गुडघे वर राहिले तर कंबर मागे कलंडते आणि दहा मिनिटांत पाठ भरून येते, तेव्हा गुडघे खाली येईपर्यंत उंची वाढवत राहायचं. हात नसलेल्या खुर्च्या चार तरी मागून ठेवा. खुर्चीचे मागचे पाय भिंतीला टेकलेले हवेत, नाहीतर ती घसरते.

चटया ४ ते ६ मिलिमीटरच्या मागा. त्याहून जाड आणि मऊ चटईवर वृक्षासनात घोटा डगमगतो आणि लोकांना वाटतं आपल्याला तोल नाही. जाहिरातीत वाळूवरचे फोटो छान दिसतात, पण वाळूत टाच आणि मनगट दोन्ही रुततात. वाळूवर फक्त बसून श्वास आणि शवासन.

---

मुक्तछंद

सूर्यनमस्काराबद्दल माझं मत जरा वेगळं. पहिल्या सकाळीच द्यावेत. लोक त्यासाठीच आलेले असतात, अंग गरम होतं आणि श्वासाची लय समजते. फार जपून शिकवलं की वर्ग दवाखान्यासारखा वाटायला लागतो.

---

मेरुदंड

मुक्तछंद, दवाखान्याचा मुद्दा मान्य. पण बारा स्थिती, त्यात श्वास आत की बाहेर, कुठला पाय मागे, हे सगळं एकदम दिलं तर लय कुणालाच मिळत नाही. नुसती धावपळ होते. नवखे अडतात त्या जागा दोनच. एक, श्वानासनातून पाय पुढे हातांच्या मध्ये आणणं. पाय अर्ध्यातच अडकतो. मागचा गुडघा टेकवायचा आणि हाताने घोटा धरून पाऊल पुढे आणायचं, यात लाज नाही. दोन, खाली उतरणं. कंबर आधी कोसळते आणि खांदे कानात जातात. गुडघे, छाती, हनुवटी असा क्रम जमेपर्यंत थेट पोटावर झोपायचं आणि तिथून भुजंगासन.

म्हणून पहिल्या दिवशी उभ्याचा भाग, दुसऱ्या दिवशी पाय मागे घेणं, तिसऱ्या दिवशी जमिनीवरचा भाग, चौथ्या दिवशी पूर्ण नमस्कार जोडायचा. चार आवर्तनं पुरे. शेवटच्या दिवशी सहा-आठ केली तर ती खरोखर श्वासाबरोबर होतात.

---

अर्धचंद्र

+१. भाषेबद्दलही लिहायचं राहिलं. सूचना एका वेळी एक, आणि ठरलेल्या क्रमाने: श्वास, क्रियापद, अवयव, दिशा. 'श्वास घ्या, उचला, उजवा हात, वर.' 'हृदय उमलू द्या' वगैरे परक्या भाषेत कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. श्वास घ्या, सोडा, उजवा, डावा, हळू, थांबा, दुखतंय का, एवढे शब्द प्रत्येकाच्या भाषेत पाठ करून जा.

समोर उभ्या असाल तर आरशासारखं करा: तोंडाने 'उजवा' म्हणायचं आणि स्वतःचा डावा हात उचलायचा. घरी सराव करून ठेवा, ऐनवेळी जीभ आणि हात वेगवेगळ्या गावाला जातात. त्रिकोणासन मात्र वर्गाकडे पाठ फिरवून दाखवा. वीरभद्रासनात पुढचा गुडघा आत झुकतो का, हे बाजूने चालत बघावं लागतं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. सतत स्वतः करून दाखवत राहिलात तर हे दिसणारच नाही.

---

सामानसुमान

वेगळा मुद्दा. पर्यटक व्हिसावर शिकवणं बऱ्याच देशांत काम धरलं जातं, मानधन न घेता फक्त राहणं-जेवण मिळत असलं तरीही. त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर नियम स्वतः वाचा. 'सगळे असंच येतात' या आयोजकाच्या वाक्यावर विसंबू नका, विमानतळावर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

साध्या प्रवास विम्यात शिकवताना दुसऱ्याला झालेली इजा सहसा धरलेली नसते. व्यावसायिक दायित्वाचा विमा वेगळा असतो, आणि वर्ग होणार तो देश त्यात समाविष्ट आहे हे लेखी घ्या. तिथला आपत्कालीन क्रमांक, जवळचं रुग्णालय आणि तिथवर लागणारा वेळ कागदावर लिहून वर्गाच्या दाराशी लावा.

---

चटईवाली

शेवटचे दोन प्रश्न. हात लावून दुरुस्ती करावी का? आणि सुरुवातीला ओंकार घ्यावा का? काहींना तो धार्मिक वाटू शकतो.

---

नाडीवाचक

हात पहिले दोन दिवस अजिबात लावू नका, तोंडी सूचनांवर भागवा. नंतरही शवासनात डोळे मिटलेले असताना 'नको असेल त्यांनी हात वर करा' हे पुरेसं नाही, झोपाळलेला माणूस हात वर करत नाही. प्रत्येकाला दोन रंगांची चकती द्या: हिरवी वर असेल तर चालेल, लाल असेल तर नाही, आणि ती दिवसातून कितीदाही उलटता येईल. चकती हिरवी असली तरी हात लावण्याआधी विचारायचंच. मान, कंबर आणि गुडघा यांवर जोर कधीच द्यायचा नाही.

ओंकार घ्या, पण आधी एका वाक्यात अर्थ सांगा आणि म्हणायचा नसेल त्याने नुसता लांब श्वास सोडला तरी चालेल हे स्पष्ट करा. दोघांचाही उच्छ्वास लांबतोच. तीनच आवर्तनं ठेवा. सात-आठ घेतली की सवय नसलेल्यांची डोकी हलकी होतात.

---

मेरुदंड

आणि शवासनाआधी प्रत्येकाला पांघरूण द्या. गरम देशातही घाम वाळताना अंग गार पडतं, आणि थंडी वाजणारा माणूस काही केल्या सैल पडत नाही. चौदा पांघरुणं आहेत का, हे आयोजकाला आजच विचारून ठेवा.