'स्वभावाला औषध नाही' हे खरंच खरं आहे का?

रानजाई
आमच्याकडे घरातलं कुठलंही भांडण शेवटी याच वाक्यावर येऊन थांबतं. सासरे चिडले, नवरा चार दिवस बोलला नाही, काकू टोचून बोलल्या, की कोणीतरी म्हणणारच, जाऊ दे गं, स्वभावाला औषध नाही. मला याचा आता राग येतो कारण हे वाक्य नेहमी घरात ज्याचं चालतं त्याच्यासाठी असतं, सुनेने मात्र वर्षभरात बदलायचं असतं, म्हणजे माणूस बदलतो हे सगळ्यांना माहीत आहेच की.

आणि अभ्यासही आहेत. स्कॉटलंडमध्ये १९५० साली शिक्षकांनी १,२०८ मुलांच्या स्वभावाची नोंद केली, आत्मविश्वास, चिकाटी, मूड किती स्थिर, वगैरे सहा गोष्टी. मुलं तेव्हा १४ वर्षांची. त्यातल्या १७४ जणांना ७७व्या वर्षी परत तेच विचारलं तर दोन नोंदींमध्ये म्हणण्यासारखा काही संबंधच सापडला नाही. २०१३ मध्ये १९ हजारांहून जास्त लोकांवरचा अजून एक अभ्यास आला होता, १८ ते ६८ वयाचे लोक. सगळे म्हणतात गेल्या दहा वर्षांत मी खूप बदललो, पण पुढच्या दहा वर्षांत? छे, आता काय बदलणार. प्रत्येक वयात हेच उत्तर. म्हणजे आपण बदलत राहतो, फक्त पुढचा बदल आपल्याला दिसत नाही.

महर्षी कर्व्यांचं बघा ना. ७१व्या वर्षी जगाच्या दौऱ्यावर निघाले, ७८व्या वर्षी खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, ८६व्या वर्षी समता संघ. आणि आपण पन्नाशीच्या माणसाला म्हणतो आता या वयात काय.

कृष्णाकाठ
कर्व्यांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. मुरूडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी चालत गेलेला मुलगा, तिथे लहान दिसतोस म्हणून बसूच दिलं नाही, तरी शिक्षण सोडलं नाही. पुढे १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, गावाने वाळीत टाकलं तरी मागे हटले नाहीत. ८६व्या वर्षीचा माणूस तोच आहे हो, कामं बदलली, चिवटपणा तोच.

स्कॉटलंडचं म्हणाल तर १४व्या वर्षी नोंद केली शिक्षकांनी आणि ७७व्या वर्षी स्वतः त्या माणसाने आणि त्याच्या जवळच्याने. मोजणारेच बदलले तर आकडे कसे जुळणार? त्यापेक्षा न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यास बघा, १९७२-७३ साली जन्मलेली हजारावर मुलं. तीन वर्षांची असताना दीड तास निरीक्षण करून गट पाडले, कोण आवर न घालता येणारं, कोण बुजरं, कोण बिनधास्त. २६व्या वर्षी परत तपासलं तर त्या गटांचा ठसा अजून दिसत होता. ज्या बाईने दोन पोरं वाढवलीयत तिला हे सांगायला अभ्यास लागत नाही, पाळण्यातच कळतं कोण कसं आहे.

पिंपळपान
मला वाटतं तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. मूळ पिंड राहतो पण वयाप्रमाणे माणसापुढचा प्रश्न बदलतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले, तरुणपणी मी कोण, मग जवळीक, मध्यमवयात पुढच्या पिढीसाठी काय करतोय, म्हातारपणी जगलो ते ठीक होतं का. आपल्याकडे चार आश्रम आहेतच, मनोविश्लेषक सुधीर कक्करांनी या दोन्हींचा मेळ घालून लिहिलंय. माझे वडील रिटायर झाल्यावर दोन वर्षं नुसते चिडचिड करत होते, मग वाचनालयाचं काम घेतलं आणि घरातलं वातावरणच बदललं.

अनघा_दुपार
पिंपळपान, रिटायर वडील होतात. आई कधी झाली? चार आश्रमांत बाईची जागा बहुतेक कोणाच्या तरी मागे असते, आणि एरिक्सनचे टप्पेही पुरुषाच्या आयुष्यावर बेतलेले वाटतात. नव्वदीतल्या अतिवृद्धांसाठी नववा टप्पा लिहिला तो त्यांच्या बायकोने, जोनने, ते गेल्यानंतर, त्यांच्या पुस्तकाच्या १९९७ च्या आवृत्तीत.

पण माझा खरा वाद रानजाईशी आहे. माणूस बदलतो बदलतो हे तुम्ही एवढ्या जोरात सांगताय ना, तेच वाक्य आमच्या मावसबहिणीला सांगितलं होतं. पितो थोडा, लग्न झालं की सुटेल. मग मूल झालं की सुटेल. मग आई गेली की जबाबदारी कळेल. अकरा वर्षं ती त्या बदलाची वाट बघत बसली आणि सगळे तिलाच धीर धर म्हणत राहिले. तिला कोणीतरी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं की स्वभावाला औषध नाही, निघ तिथून. तुमच्या घरात ते वाक्य सासऱ्यांना वाचवतं, आमच्या घरात ते एका मुलीला वाचवू शकलं असतं.

रानजाई
अनघा, वाचून खूप वाईट वाटलं. आणि हे मी टाळणार नाही, तुमचा मुद्दा बरोबर जागी लागलाय.

पण नीट बघा, तिला जे सांगितलं ते "तो बदलेल" नव्हतं, "तू थांब म्हणजे तो बदलेल" होतं. बदलाचं काम तिच्या डोक्यावर टाकलं. अभ्यास असं कुठे सांगतच नाहीत. २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, उपचार घेतलेल्या लोकांचा स्वभाव सरासरी २४ आठवड्यांत मोजण्याइतका बदलला, सगळ्यात जास्त फरक चिंता, चिडचिड, भावनिक अस्थिरता यात. म्हणजे औषध आहे, पण ते घ्यायचं त्याने. बायकोने उपास करून नवऱ्याचा राग जात नाही.

कृष्णाकाठ
उपचाराला जो जातो तो आधीच बदलायला तयार असतो, त्यामुळे त्या आकड्यावरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. आणि उपचाराने फरक पडला म्हणजे मूळ स्वभाव गेला असं नाही, तापट माणूस तापटच राहतो, फक्त बोलण्याआधी थांबायला शिकतो.

रानजाई
घरातल्यांना तेवढंच हवं असतं हो. आतून तो कसा आहे याच्याशी मला काय करायचंय, पोरांसमोर ताट फेकलं नाही की झालं.

पिंपळपान
हे मात्र शंभर टक्के. वडील आतून अजून चिडतात, कळतं आम्हाला. पण आता उठून बाहेर फेरी मारून येतात.

अनघा_दुपार
ठीक आहे, मग मी माझं म्हणणं जरा बदलून मांडते पण सोडत नाही. पुढे बदलेल यावर एका मुलीनेही लग्न करू नये. स्थळ बघताना पगार, फ्लॅट, पत्रिका सगळं विचारतो, तसं हेही विचारा की गेल्या पाच वर्षांत स्वतःत काय बदललंस आणि कशामुळे. आणि उत्तर त्याच्याकडून नको, त्याच्या बहिणीला विचारा.