मदत हवी आहे: पार्ल्यातली सोसायटी, प्लॉटचे तीन आकडे, आधी कोणती मोजणी करायची?

पार्लेकरीण
नमस्कार मंडळी. विलेपार्ले पूर्वेला आमची सोळा बिऱ्हाडांची सोसायटी आहे. तळमजला अधिक तीन, इमारत १९७१ ची. रिडेव्हलपमेंटचं घाटतंय. एजीएमला मी उशिरा पोचले, तोवर मला सेक्रेटरी करून झालं होतं, त्यामुळे हे सगळं आता माझ्या गळ्यात.

अडचण अशी की प्लॉटच्या क्षेत्रफळाचे तीन आकडे आहेत. कन्व्हेयन्स डीडमध्ये, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणाऱ्या खरेदीखतात, ११५० चौरस वार, म्हणजे साधारण ९६१.५ चौरस मीटर. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे शहरी जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, ९४८.६. आणि गेल्या महिन्यात एका आर्किटेक्टच्या माणसांनी टेप लावून काढले ९३१. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात तीस चौरस मीटरांचा फरक, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. पार्ल्यात एवढ्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात.

कन्सल्टंट म्हणतात टोपो सर्व्हे करा. खजिनदार काका म्हणतात सरकारी मोजणीच, बाकी सगळं थोतांड. तिसऱ्या मजल्यावरच्या दादांचा हट्ट टोटल स्टेशन सर्व्हेचा. नेटवर शोधलं तर अल्टा सर्व्हे, मॉर्गेज सर्व्हे असं काहीबाही निघालं. आधी काय करायचं आणि कुणाकडून? मागच्या बाजूची शेजाऱ्यांची भिंत आमच्यात सरकली आहे अशी जुन्या सभासदांना शंका आहे, हेही सांगून ठेवते.

निवृत्त_भूकरमापक
ताई, अल्टा वगैरे विसरा, ते अमेरिकेतलं. दादांनाही सांगा की टोटल स्टेशन हे यंत्र आहे, मोजणीचा प्रकार नव्हे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा शंकू साखळी आणि फलक यंत्र होतं. साखळी ३३ फुटांची, आणि ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा. नंतर टोटल स्टेशन आलं, आता उपग्रहावरून जागा टिपणारा रोव्हर आला. यंत्र बदललं, प्रश्न तोच: काय मोजताय? जमिनीवर जे आहे ते, की कागदावर जे आहे ते?

टोपो म्हणजे जमिनीवर जे आहे ते. भिंत, झाडं, गटार, विहीर, रस्त्याची पातळी. खाजगी सर्व्हेअर करतो. त्याच्या नकाशात भिंत जिथे आहे तिथेच दिसणार. ती मुळात चुकीच्या जागी असली तरी तो काही बोलणार नाही, ते त्याचं कामही नाही.

भिंतीचा संशय असेल तर भूमी अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणी. अर्ज ऑनलाइन होतो. पूर्वीचं साधी, तातडी, अतितातडी जाऊन आता नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. लगतच्या धारकांना नोटीस जाते, त्यांच्यासमक्ष मोजणी होते आणि नंतर नकाशाची क प्रत मिळते. त्यात अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगळ्या रेषांनी दाखवतात. तुम्हाला हवं आहे ते त्या दोन रेषांमधलं अंतर. निकाल मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते.

पण त्याआधी एक विचारतो. प्रॉपर्टी कार्डावर धारक म्हणून नाव कुणाचं आहे? आणि मागच्या कोपऱ्यात जुना हद्दीचा दगड वगैरे काही दिसतो का?

टी_स्क्वेअर
आर्किटेक्ट आहे, पार्ल्यात बरीच कामं केली आहेत. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते, मोजताना आम्ही डीड, कार्ड आणि जागेवरचं त्रिकोण पाडून काढलेलं क्षेत्रफळ यांतलं सर्वांत कमी धरून चालतो. त्यामुळे आज बिल्डर ९३१ धरून ऑफर देईल आणि भिंत मागे गेली तर वरचं त्याच्या खिशात. टेंडर काढण्याआधी मोजणी करा.

पार्ल्यात आणखी एक गंमत आहे. तुमच्या भागात टीपी स्कीम (नगररचना योजना) असेल तर डीडमध्ये त्या योजनेतला फायनल प्लॉट नंबर असतो आणि कार्डावर सीटीएस, म्हणजे नगर भूमापन नंबर. दोन्ही एकाच जागेचे आहेत ना, हे पालिकेकडून मिळणाऱ्या टीपी शेऱ्यावरून ताडून घ्या. रोड सेटबॅकमध्ये, म्हणजे रस्तारुंदीसाठी, पूर्वी पट्टी गेली असेल तर तो फरकही तिथे सापडतो.

टोपो टाकाऊ नाही, नंतर लागणारच आहे. तुम्ही विमानतळाला खेटून आहात, उंचीच्या एनओसीसाठी प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी लागते. पालिकेच्या गटारांच्या पातळ्या मात्र टाऊन हॉल डेटमवर, म्हणजे मुंबईच्या स्वतःच्या जुन्या शून्य पातळीवरून, असतात. दोन्ही आकड्यांत वीस मीटरांहून जास्त फरक पडतो. कुठली पातळी कशावरून, हे नकाशावर लिहून घ्या, नाहीतर गोंधळ ठरलेला.

आणि पालिकेचा ‘लायसन्स्ड सर्व्हेअर’ म्हणजे जमीन मोजणारा माणूस नव्हे. तो नकाशे सादर करतो, महापालिका अधिनियमाच्या कलम ३५५ खालचा परवाना त्याच्याकडे असतो. लोक दर वेळी इथे फसतात.

गोरेगावचा_गण्या
आमच्याकडे उलटं झालं. टोपोवर विश्वास ठेवून करार केला. खोदकाम सुरू झाल्यावर शेजाऱ्यांनी सरकारी मोजणी आणली आणि आमचीच भिंत दोन फूट त्यांच्यात निघाली. चार महिने काम बंद, भाडं बिल्डर देईना. आधी मोजा हो.

पार्लेकरीण
सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रश्न वाचून कार्ड काढून बघितलं. धारक म्हणून अजून मूळ जमीनमालकांचंच नाव आहे! डीड रजिस्टर होऊन अकरा वर्षं झाली. आता?

निवृत्त_भूकरमापक
वाटलंच होतं. डीड केलं की सोसायट्यांना वाटतं झालं सगळं. रजिस्टर केलेल्या डीडची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी गोषवारा) घेऊन आधी नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा, म्हणजे धारकाचं नाव बदलण्याचा, अर्ज टाका. सोसायटीचं नाव कार्डावर लागलं की मग मोजणीचा अर्ज. नाहीतर तो अर्ज धारकाचा नाही म्हणून परत येतो आणि हेलपाटे वाढतात. शेजारच्या सोसायटीला आत्ताच तोंडी कल्पना देऊन ठेवा. एकदम नोटीस गेली की भांडण तिथूनच सुरू होतं. चहाला बोलावलंत तर मोजणीच्या दिवशी त्यांची माणसंही सही करतात.

दगडाचं सांगितलं नाहीत.

पार्लेकरीण
फेरफाराचे कागद सोमवारी घेऊन जाते. दगड आज शोधला. पंपरूमच्या मागे आहे, निम्मा जमिनीत, वर फुलीसारखी खूण. खजिनदार काकांना तो १९७१ पासूनचा माहीत आहे म्हणे, पण कशाचा ते कुणी विचारलंच नव्हतं. आणि शेजाऱ्यांची भिंत त्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला साधारण हातभर. हलवू नका ना?

निवृत्त_भूकरमापक
बोटही लावू नका. हद्दीची खूण हलवणं किंवा मोडणं दंडाला पात्र आहे, आणि मोजणीदाराला तो जागच्या जागी दिसला पाहिजे. फोटो काढा, टेप शेजारी ठेवून. आजूबाजूचं गवत काढलंत तरी चालेल.

पार्लेकरीण
गवत नाहीये काका. आमचा वॉचमन रोज त्याच्यावर कपडे आपटतो. त्याला आजच दुसरा दगड आणून देते.