फेटलिंगच्या आर्मला जॉयस्टिक लावली, पण डिस्क कास्टिंगवर नाचते

उद्यमबागकर: फाउंड्रीत फेटलिंगसाठी, म्हणजे कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढायला, सहा अक्षांच्या रोबोट आर्मला ग्राइंडर बांधलाय. माणूस धुळीपासून लांब, काचेच्या केबिनमध्ये. हवेत आर्म झकास फिरतो, पण डिस्क टेकली की थडथड उडते, नाहीतर पार्टिंग लाईनवर (साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर) खड्डा पाडते. कॅमेरा आणि कमांड धरून जाऊन-येऊन २५० मिलिसेकंद उशीर आहे. माणसाची आणि रोबोटची कमांड निम्मी-निम्मी मिसळून बघितली, काही फरक नाही. अल्फा (मिसळताना माणसाचा वाटा) किती ठेवू? पुढं मच्छेच्या शेडमधून मोबाईल नेटवर चालवायचंय.

शहापूर_कंट्रोल: अल्फाचा नाद सोडा की ओ. डिस्क टेकलेली माणसाला उशिरा दिसते, तोवर तो दाबतच असतो. मागं घेतानाही तीच गत. वाटणी टक्क्यांनी नको, दिशेनं करा. पृष्ठभागाला लंब दिशेतला दाब रोबोटनं सांभाळायचा, पृष्ठभागावरून कुठं सरकायचं ते माणसानं ठरवायचं. रायबर्ट आणि क्रेग यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत आहे ही. मनगटात फोर्स सेन्सर लावा, त्याचं लूप (दाब मोजून लगेच सुधारायचं चक्र) आर्मच्या कंट्रोलरवरच चालू दे, नेटवरून अजिबात नको. सुरुवात २० न्यूटनपासून करा. डिस्क झिजली तरी दाब तोच राहतो. ग्राइंडरचं वजन मात्र प्रत्येक कोनात वजा झालं पाहिजे, नाहीतर नुसतं मनगट वळलं तरी सेन्सरला वाटतं डिस्क टेकली. एवढं करून थडथड राहिलीच तर डॅम्पिंग (उसळी जिरवणारा विरोध) वाढवा.

निपाणी_नेटवाला: मिसळण्यातला धोका बघा: रायझरचा (ओतताना जादा धातू साठतो त्या भागाचा) खुंट समोर आला, माणूस डावीकडनं वळवतोय, रोबोट उजवीकडनं. सरासरी काढली की डिस्क सरळ खुंटावर! आणि मोबाईल नेटवर कमांडला टीसीपी (हरवलेलं परत पाठवून सगळं क्रमानंच देणारी पद्धत) वापरू नका. अडकलेल्या जुन्या कमांड एकदम येतात आणि आर्म पळत सुटतो. यूडीपी (हरवलेल्यासाठी न थांबणारी पद्धत) घ्या, प्रत्येक पॅकेटला नंबर द्या, जुनं आलं की फेकून द्या.

उद्यमबागकर: नेट तुटलं की आर्म आहे तिथंच थांबवतो. चालतंय ना?

शहापूर_कंट्रोल: नाही चालत. फिरती डिस्क एकाच जागी टेकून राहिली तर कास्टिंग तिथंच जळतं. आधी लंब दिशेनं ५० मिमी मागं, मग ग्राइंडर बंद. इमर्जन्सी स्टॉप आर्मजवळ, थेट वायरनं जोडलेला. नेटवरचा धरायचा नाही. उशिराला घाबरू नका, १९९३ च्या रोटेक्स प्रयोगात पाच ते सात सेकंद उशीर असताना जमिनीवरून अंतराळयानातला आर्म चालवला, कारण सेन्सरचं काम तिथल्या तिथं होत होतं.

निपाणी_नेटवाला: ग्राइंडरची केबल सैल बांधा. ताणली की तो ताणही सेन्सर मोजतो, मग वजन कितीही वजा करा, शून्य काही येत नाही.