कॅनडातल्या प्रिन्स जॉर्जच्या छोट्या विद्यापीठात भाचीला पाठवावं का?

देवगडचा मामा:
नमस्कार मंडळी. भाचीने दापोलीला फॉरेस्ट्री केलंय, आता मास्टर्ससाठी युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबियाची ऑफर आलीय. गाव प्रिन्स जॉर्ज, व्हँकूव्हरपासून उत्तरेला जवळजवळ ८०० किलोमीटर आत. घरात सगळे म्हणतायत हे नाव कोणी ऐकलेलं नाही, जायचंच तर टोरांटोला जा. बहीण तर बर्फाचे फोटो बघून दोन दिवस धड जेवली नाही. पोरगी म्हणते मामा मला जंगलातच काम करायचंय तर जंगल आहे तिथेच जाणार ना. मला पटतं, पण घरच्यांना काय सांगू? तिकडे राहिलेलं कोणी आहे का?

गुहागरची सई:
मामा मी तिथे दोन वर्षं होते. आधी हे सांगा घरी, की ते विद्यापीठ सरकारने आपणहून दिलेलं नाही, तिकडच्या लोकांनी मागून घेतलंय. १६,००० लोकांनी अर्जावर सह्या केल्या आणि प्रत्येकाने सहीबरोबर ५ डॉलर दिले. मग १९९० मध्ये कायदा झाला, १९९४ ला कॅम्पस उघडायला राणी एलिझाबेथ आली होती. टेरेस, क्वेनेल, फोर्ट सेंट जॉन अशा लांबच्या गावांतही त्यांची केंद्रं आहेत, आणि निसगा आदिवासींची स्वतःची संस्था त्यांच्याबरोबर मिळून शिकवते. ब्रीदवाक्यसुद्धा तिथल्या डाकेल्ह लोकांच्या भाषेतलं, अर्थ साधारण 'तोही जगतो आहे', म्हणजे प्रत्येकाला जगायचा आणि बोलायचा हक्क आहे.
थंडी आहेच, वजा तीसला नाकातले केस कडक होतात, पहिल्यांदा मी घाबरले होते. पण बिल्डिंगा आतून जोडलेल्या आहेत, वर्गातून लायब्ररीत जायला जॅकेट लागत नाही, आणि कॅम्पसची बरीचशी ऊब लाकडाच्या गिरणीतल्या भुश्श्यावर चालते. माझ्या वर्गात आम्ही नऊ जण होतो, सर नावाने ओळखायचे.

राजापूरचे गुरुजी:
सईताईंनी एक सांगितलं नाही ते मी सांगतो. २००० साली त्या गावात डॉक्टर नाहीत म्हणून सात हजारांच्या आसपास लोक एका सभेला जमले होते. त्यातून २००४ मध्ये तिथेच डॉक्टर घडवायचा कोर्स सुरू झाला, व्हँकूव्हरच्या मोठ्या विद्यापीठाबरोबर, पहिल्या बॅचला २४ मुलं. मूळ विचार साधा, जो तिकडे शिकेल तो तिकडे राहण्याची शक्यता जास्त. माझी हुशार मुलं बारावी झाली की रात्रीच्या गाडीने मुंबईला जातात आणि गणपतीला येतात, तीस वर्षं हेच बघतोय, म्हणून मला हे फार लागतं.

वेंगुर्ल्याचो बाबल्या:
मामा तुम्ही देवगडचे, तुमका साको काय सांगूचो. हापूसचं फळ वरून सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट, आंबट, अख्खी पेटी परत. त्यावर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ ला रत्ना नावाचा आंबा काढला, त्यात साका येत नाही. हे केंद्र दापोलीच्याच कृषी विद्यापीठाचं. दिल्लीत बसून कोण साक्यावर वर्षानुवर्षं घालवणार होता? तिकडेही तसंच, पाइनची जंगलं एका भुंग्याने मैलोन् मैल वाळवली कारण थंडी पूर्वीसारखी पडेना आणि अळ्या मरेनात. फॉरेस्ट्रीच्या पोरीला हे दाराबाहेर बघायला मिळणार. टोरांटोत काय मिळणार?

देवगडचा मामा:
सगळ्यांचे मनापासून आभार, बहिणीला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. भुंग्याचं ऐकून पोरगी म्हणाली बघ मी हेच सांगत होते. बहिणीचं आता एकच, तांदूळ मिळतो का तिथे?

गुहागरची सई:
तांदूळ मिळतो मामा. आमसुलं मला कुठे दिसली नाहीत, दोन किलो बॅगेत घाला.