मदत हवी आहे: बाबांच्या चेतकला एलईडी हेडलाइट बसवायचाय, पण वायरिंगला धक्का न लावता

नमस्कार मंडळी,

गाडी बजाज चेतक, 1998 मॉडेल, टू-स्ट्रोक, 12 व्होल्ट. बॅटरी नाही, इंडिकेटर नाहीत. सगळे दिवे आणि हॉर्न थेट मॅग्नेटवर (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणारं चाक) चालतात. बाबांनी घेतली, त्यांनीच सतरा वर्षं चालवली. ते गेल्यापासून माझ्याकडे आहे. इंजिन एका किकमध्ये सुरू होतं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

अडचण उजेडाची आहे. माझी सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते आणि सातारा एमआयडीसीतून कोरेगावच्या बाजूला घरी यायचं असतं. ऊस तोडणीचा हंगाम सुरू झालाय. बिनरिफ्लेक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभा असतो आणि तो पंधरा-वीस फुटांवर आल्यावरच दिसतो. परवा अगदी थोडक्यात वाचलो. थ्रॉटल सोडला की हेडलाइट पिवळा पडून विझल्यासारखा होतो, म्हणजे ब्रेक मारतानाच पुढचं दिसेनासं होतं.

मागच्या महिन्यात एका स्पेअरच्या दुकानातून 350 रुपयांचा एलईडी बल्ब आणून जुन्या 35/35 वॅटच्या बल्बच्या जागी लावला. स्लोवर असताना नुसता लुकलुकत होता. समोरून येणारे सगळे अप्पर-डिपर मारायला लागले. तिसऱ्या रात्री गाडी जरा पळवली तर आधी टेललॅम्प उडाला आणि मग हा एलईडीही गेला. आता परत जुना बल्ब लावलाय.

प्रश्न असे:
एलईडी लावल्यावर टेललॅम्प का उडाला? त्याला तर मी हातही लावला नव्हता.
बॅटरी न बसवता एलईडी नीट चालेल का?
मेकॅनिक म्हणतो, सगळं वायरिंग काढून नवीन टाकू. मला ते नकोय. मूळ वायरिंग हार्नेस (सगळ्या वायरींची एकत्र जुडी) अजून शाबूत आहे, तो कापायचा नाही.

मॅग्नेटवाला:
टेललॅम्प का उडाला ते आधी सांगतो, कारण तुमच्या गाडीचं खरं दुखणं तिथेच दिसतंय.

मॅग्नेटची लायटिंग कॉइल बॅटरीसारखी ठरलेला व्होल्टेज देत नाही. इंजिन जितकं पळेल तितका तिचा जोर वाढतो. तुमच्याकडे शेती असेल तर लगेच कळेल: मोटार चालू आहे आणि चार व्हॉल्व्हपैकी तीन बंद केले, तर उरलेल्या पाइपात दाब वाढून जोड निसटतो. 35 वॅटचा बल्ब हा तुमचा सगळ्यात मोठा उघडा व्हॉल्व्ह होता. त्याजागी आठ-दहा वॅटचा एलईडी आला, करंट ओढणारं कुणी उरलं नाही, व्होल्टेज चढला आणि बिचारा टेललॅम्प गेला. पाठोपाठ एलईडी.

पण असं होऊ नये म्हणून तर रेग्युलेटर दिलेला असतो. जादाचा करंट तो बॉडीत उतरवतो. मला वाटतं तो मेलाय किंवा त्याची अर्थ (बॉडीला जोडणारी वायर) सुटलीय. जुना बल्ब होता तोवर ते लक्षात आलं नाही एवढंच. मल्टिमीटर एसीवर ठेवा, हेडलाइट चालू करून होल्डरवर स्लोचा आणि रेसचा आकडा घ्या. रेसमध्ये 14 च्या आसपास थांबला पाहिजे. मग बल्ब काढून पुन्हा बघा. तो आकडा इथे टाका, त्याआधी काही विकत घेऊ नका.

लुकलुकण्याचं कारण सरळ आहे. कॉइल एसी, म्हणजे सारखा दिशा बदलणारा करंट देते आणि एलईडीला एकाच दिशेचा करंट चालतो. साध्या बल्बची तार दोन लाटांच्या मधल्या वेळात तापलेलीच राहते म्हणून डोळ्याला कळत नाही, एलईडी मात्र तत्क्षणी विझतो.

घाटवाट:
मी माझ्या चेतकवर हे सगळं करून बसलोय, म्हणून कळकळीने सांगतो. हेडलाइटच्या जुन्या काचेत आणि रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घालूच नका. तो रिफ्लेक्टर बारीक तारेच्या जागेवर बेतलेला आहे. एलईडीचे चिप दोन बाजूंना असतात, त्यामुळे उजेड भलतीकडे फेकला जातो. समोरच्याच्या डोळ्यात सगळा जातो आणि रस्त्यावर डाग पडतात. पावसात तर पांढऱ्याफेक उजेडात ओला डांबरी रस्ता दिसतच नाही.

आधी रिफ्लेक्टर काढून बघा. इतक्या वर्षांत आतली चंदेरी काळवंडलेली असणार. नवा रिफ्लेक्टर, होल्डरचे कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने साफ, आणि हेडलाइटची अर्थ वायर थेट इंजिनवर आणलेली. माझ्या गाडीत एवढ्यानेच होल्डरवर दीड व्होल्ट वाढला. दीड व्होल्ट म्हणजे थोडका नाही, साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने वाढतो.

मागचा दिवा मात्र जरूर एलईडी करा. ट्रॅक्टर तुम्हाला दिसला पाहिजे तसं मागच्या ट्रकला तुम्हीही दिसला पाहिजेत.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती, सगळं मोजलं.

हेडलाइट चालू, स्लो: 6.8. रेस: 15.2.
बल्ब काढून रेस: 31!

रेग्युलेटरची अर्थ वायर चिमट्यापाशी गंजून तुटली होती. नवी जोडली तरी 28 दाखवतो, म्हणजे तोही गेलाय. उद्या बदलतो. रिफ्लेक्टर काढला तर वरचा अर्धा भाग तपकिरी. टेललॅम्पला एलईडी कसा लावू तेवढं सांगा. खालच्या काचेतून नंबर प्लेटवरही उजेड पडतो, तो राहिला पाहिजे.

मॅग्नेटवाला:
31 म्हणजे रोगनिदान झालं. रेग्युलेटर चांगल्यातला घ्या, त्याची पाठ रंग खरवडून बॉडीला घट्ट बसवा.

टेललॅम्पसाठी 9 ते 30 व्होल्ट लिहिलेला एलईडी घ्या. पांढराच घ्या, लाल घेतला तर नंबर प्लेटवर लाल उजेड पडेल. टेल आणि ब्रेक अशा दोन वायरी येतात. प्रत्येकीत एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), त्याच्या पुढे 1000 मायक्रोफॅरड 35 व्होल्टचा कॅपॅसिटर (करंट साठवून लुकलुक थांबवणारा), त्याचं निगेटिव्ह टोक बॉडीला. सगळं होल्डरच्या मागे मावतं आणि हार्नेसला कात्री लागत नाही. चार डायोडचा ब्रिज (दोन्ही दिशांचा करंट एकाच दिशेला वळवणारी जोडणी) इथे लावू नका. होल्डर बॉडीला अर्थ आहे, त्यामुळे ब्रिजमधला एक डायोड लगेच शॉर्ट होऊन जळतो.

घाटवाट:
पुढे कधी पूर्ण डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट) करावंसं वाटलं तर लायटिंग कॉइलचं अर्थ केलेलं टोक सोडवून बाहेर काढायचं, मग फुल-वेव्ह रेक्टिफायर (तोच चार डायोडचा ब्रिज) आणि छोटी बॅटरी. चेतक मुळात व्हेस्पा स्प्रिंटवरून आलेली, त्यामुळे जुन्या व्हेस्पावाले करतात तेच इथेही चालतं. पण मॅग्नेट पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) काढायचा, हातोडीने नाही. आणि स्टेटर प्लेट (मॅग्नेटच्या आतली, कॉइल बसवलेली पट्टी) हलवण्याआधी खूण करून ठेवा, नाहीतर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जाईल.

धागाकर्ता:
रेग्युलेटर, रिफ्लेक्टर, नवा 35/35 चा बल्ब आणि मागे एलईडी, सगळं झालं. हेडलाइट चालू ठेवून स्लो 8.9, रेस 13.8. काल रात्री त्याच वळणावर ट्रॉली उभी होती, चांगली शंभर फुटांवरून दिसली. स्लोवर उजेड अजून पडतो, म्हणून डीसी करायचं डोक्यात आहे. मॅग्नेटमधून तीन वायरी बाहेर येतात, त्यातली लायटिंगची कुठली? रंग उडालेत.

मॅग्नेटवाला:
रंगावर जाऊच नका. इंजिन बंद, तिन्ही वायरी सोडवा, प्रत्येकीचा बॉडीशी ओहम मोजा. इग्निशनच्या कॉइलला शेकड्यांत येतो, लायटिंगला जेमतेम एखादा ओहम. आकडे टाका, मग पुलर आणायला जा.